चर्चेच्या पोटी जन्मलेला कोड

२०११ च्या सप्टेंबरात डेलिशियस ही सेवा नव्या मालकांनी नव्या रूपात सुरू केली आणि इंटरनेटवरच्या कथाप्रेमी चाहत्यांनी कित्येक वर्षे जमवलेली मांडणी रातोरात विस्कटली. डेलिशियसवर लोक आवडलेल्या पानांचे पत्ते जपून ठेवत आणि प्रत्येक पत्त्याला हवे ते टॅग लावत. 'स्टार ट्रेक', 'हॅरी पॉटर', 'सुपरनॅचरल' यांच्या चाहत्यांनी एवढ्याशा सोयीतून फॅनफिक्शनची, म्हणजे आवडत्या पात्रांवर स्वतः लिहिलेल्या कथांची, भलीमोठी सूची उभी केली होती. कथा केवढी, कोणत्या पात्रांची, पूर्ण की अर्धवट, शेवट गोड की दुःखी, सगळे टॅगमध्ये. दोन पात्रांची जोडी दाखवायची तर नावांमध्ये तिरकी रेघ, ही चाहत्यांची १९७० च्या दशकातल्या हस्तवितरित मासिकांपासूनची रीत. नव्या डेलिशियसमध्ये ती तिरकी रेघच चालेना.

पिनबोर्ड ही तशीच पण अगदी छोटी सेवा त्या वेळी मात्चेय त्सेगवॉफ्स्की हा प्रोग्रॅमर चालवत होता. तुम्हाला नेमके काय हवे आहे, असे त्याने चाहत्यांना विचारले. उत्तरादाखल एक सामाईक गूगल दस्तऐवज तयार झाला. एकमेकांना खऱ्या नावाने न ओळखणारी कितीतरी माणसे एकाच वेळी त्यात लिहीत होती, खोडत होती, समासात वाद घालत होती. दस्तऐवज पन्नासेक पानांवर गेला. त्यात मागण्यांची क्रमवारी होती, आपल्या शब्दांचे खुलासे होते, काय सोपे आणि काय अवघड याचा अंदाजही होता. त्सेगवॉफ्स्कीने त्यातल्या बऱ्याच मागण्या कोडमध्ये उतरवल्या. पुढे २०१३ मध्ये या अनुभवावर त्याने एक भाषण केले. चाहते हे अवजारे वापरणारे, घडवणारे आणि वाकवणारे लोक आहेत, हा त्याचा मुद्दा होता. व्यावसायिक कंपन्या महिनोन्‌महिने खपून असे मागणीपत्रक मिळवू शकत नाहीत. इथे ते काही दिवसांत, फुकट आणि भांडत भांडत तयार झाले.

छंद म्हणून कोड लिहिणे आणि चाहत्यांच्या गप्पा यांच्याविषयी आजवर बरेच लिहिले गेले आहे, पण बहुधा वेगवेगळ्या खात्यांत. कोडचे श्रेय मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात जाते, गप्पांचा विचार माध्यम-अभ्यासात होतो. हेन्री जेन्किन्स यांच्या १९९२ च्या 'टेक्स्च्युअल पोचर्स' या पुस्तकाने चाहत्यांना निर्माते म्हणून पाहायला शिकवले, तेही प्रामुख्याने कथा, गाणी आणि चित्रफितींचे निर्माते म्हणून. मला हे दोन प्रवाह एकच वाटतात. चाहत्यांच्या जगात कोड हे बोलण्याचेच एक रूप आहे. बोलणारे आणि कोड लिहिणारे जिथे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहिले तिथली बांधकामे टिकली. जिथे त्यांच्यामध्ये मालक आला, तिथे आज ना उद्या सामान बांधून निघायची वेळ आली.

याची मुळे वेबपेक्षा जुनी आहेत. १९७९ च्या सुमारास आर्पानेट या सरकारी संशोधन-जाळ्यावर विज्ञानकथांच्या चाहत्यांची 'एसएफ-लव्हर्स' ही टपालयादी सुरू झाली. जाळे बांधणारे अभियंते आणि कादंबऱ्यांवर वाद घालणारे चाहते ही बरीचशी एकच माणसे होती. १९९० च्या दशकात यूजनेट या चर्चाजाळ्यावर 'एक्स-फाइल्स'च्या कथांचा पूर लोटला, तेव्हा त्या गोळा करून लावण्यासाठी 'गॉसमर' हे संग्रहस्थळ उभे राहिले. मग जिओसिटीजवरच्या फुकट जागेत हजारो किशोरवयीन मुलींनी आपल्या आवडत्या मालिकेची, गायकाची, पात्राची पाने हाताने एचटीएमएल लिहून सजवली. २००० मध्ये फॅनलिस्टिंगची चाल आली. एका विषयाच्या जगभरच्या चाहत्यांची एक यादी, आणि ती सांभाळायला पीएचपीमधली छोटी स्क्रिप्ट. या स्क्रिप्टाही चाहत्यांनीच लिहिल्या आणि एकमेकींना वाटल्या. निओपेट्स या मुलांच्या खेळात आपल्या टोळीचे पान चांगले दिसावे म्हणून मुले सीएसएस शिकली. शाळेत संगणकाच्या तासाला जे कंटाळवाणे वाटे ते इथे रात्री जागून शिकले जाई, कारण पान बिघडले तर मैत्रीण लगेच सांगे आणि कुठला कंस राहिला तेही दाखवी. यातले बहुतेक काम आज उरलेले नाही. २००९ च्या ऑक्टोबरात याहूने जिओसिटीज बंद केले आणि स्वयंसेवकांनी धावपळ करून जेवढे वाचवले तेवढेच वाचले.

या इतिहासाचा कणा म्हणजे २००७ हे वर्ष. त्या काळी इंग्रजीत लिहिणाऱ्या चाहत्यांची बैठक लाइव्हजर्नलवर असे. ब्रॅड फिट्झपॅट्रिक या विद्यार्थ्याने १९९९ मध्ये मित्रांसाठी सुरू केलेली ही ब्लॉगसेवा २००५ मध्ये सिक्स अपार्ट या कंपनीकडे गेली होती. २००७ च्या मेअखेर एका गटाच्या तक्रारीवरून कंपनीने सुमारे पाचशे खाती एका फटक्यात गोठवली. आवडीनिवडींच्या यादीत अमुक शब्द आहे, एवढाच निकष. त्यात कथालेखकांची खाती गेली, 'लोलिता' कादंबरीवर स्पॅनिशमध्ये चर्चा करणारा गट गेला आणि लैंगिक अत्याचारातून सावरणाऱ्यांचे आधारगटही गेले. गोठवलेल्या खात्याच्या नावावर आडवी रेघ दिसे, म्हणून चाहते त्या प्रसंगाला आजही 'स्ट्राइकथ्रू' म्हणतात. कंपनीने माफी मागितली, बरीच खाती परतही आली, पण विश्वास आला नाही. त्याच उन्हाळ्यात फॅनलिब नावाची कंपनी चाहत्यांच्या कथांवर नफा कमवायच्या योजना घेऊन आली होती. तिच्या चालकांना या लेखनाची जातकुळीच ठाऊक नव्हती.

स्ट्राइकथ्रूच्या थोडे आधी, १७ मे २००७ रोजी, एका चाहतीने लाइव्हजर्नलवर मांडले होते की आपल्याला आपल्या मालकीचे संग्रहस्थळ हवे: जाहिराती नाहीत, नफा नाही, सर्व्हर आपले, कोड आपला. खाली प्रतिसादांची रांग लागली. कुणी कायदा जाणत होती, कुणी पैशाचा हिशेब मांडला, कुणी म्हणाली मला कोड येत नाही पण शिकेन. त्या चर्चेतून ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स ही ना-नफा संस्था उभी राहिली. १४ नोव्हेंबर २००९ रोजी तिचे 'अर्काइव्ह ऑफ अवर ओन', चाहत्यांच्या तोंडी एओथ्री, सर्वांसाठी खुले झाले. कादंबरीकार नेओमी नोविक या संस्थापकांपैकी एक.

कोड कोणत्या भाषेत लिहायचा, हा संस्थेपुढचा पहिला मोठा प्रश्न. अनुभवी लोकांना विचारून मोकळे होता आले असते. त्यांनी मात्र प्रोग्रॅमिंगचा गंधही नसलेल्या इच्छुकांना रूबी आणि पायथन या दोन्ही भाषा थोड्या शिकून पाहायला सांगितले आणि अनुभव विचारला. नवख्यांचा कल रूबीकडे दिसला, आणि रूबी ऑन रेल्सवर काम सुरू झाले. या एका निर्णयात त्या प्रकल्पाचा सगळा स्वभाव दिसतो. पुढे हे काम करणाऱ्यांची संख्या वाढायची तर ती वाचणाऱ्यांतून आणि लिहिणाऱ्यांतूनच वाढणार, हे त्यांनी पहिल्या दिवशी ओळखले होते.

२००९ मध्येच दुसरीकडे डेनिस पाओलुची आणि मार्क स्मिथ या लाइव्हजर्नलच्या दोन माजी कर्मचाऱ्यांनी लाइव्हजर्नलचाच मुक्त कोड उचलून ड्रीमविड्थ सुरू केले. तिथला कोड पर्लमधला, जुना आणि किचकट. नवख्या माणसाला तो आपल्या संगणकावर चालू करतानाच घाम फुटावा असा. म्हणून त्यांनी कुणी मागेल त्याला संस्थेच्याच सर्व्हरवर सरावासाठी तयार जागा द्यायला सुरुवात केली. प्रश्न विचारायला लाज वाटू नये म्हणून वेगळा कट्टा ठेवला. बिघाडांच्या यादीतले सोपे बिघाड मुद्दाम नवख्यांसाठी राखून ठेवले. 'हे कसे करतात ते शोधून घे' असे फटकारणे ही तेव्हाच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातली सर्रास रीत. इथे ती बसू दिली नाही.

याचा परिणाम आकड्यांत दिसला. किरिली रॉबर्ट यांनी २००९ च्या ओस्कॉन या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेत हे आकडे मांडले. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये स्त्रियांचा वाटा तेव्हा दीड टक्क्याच्या आसपास मोजला गेला होता. ड्रीमविड्थच्या चाळीसेक प्रोग्रॅमरांत तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या आणि एओथ्रीच्या वीसहून अधिक जणींत एकही पुरुष नव्हता. त्यांतल्या अनेकींनी याआधी कधी प्रोग्रॅम लिहिला नव्हता. तंत्रक्षेत्रात स्त्रिया का येत नाहीत, यावर परिषदा भरतात, अहवाल निघतात. त्यांतल्या बहुतेक अहवालांपेक्षा ही दोन स्थळे मला अधिक शिकवतात, कारण इथे कुणी स्त्रियांसाठी खास योजना आखली नव्हती. हवे होते ते फक्त संग्रहस्थळ. ज्यांना ते हवे होते त्या स्त्रिया होत्या, आणि त्यांना कुणी हाकलले नाही.

केसी फीस्लर आणि सहकाऱ्यांनी एओथ्री घडवणाऱ्यांच्या मुलाखती घेऊन दोन शोधनिबंध लिहिले. २०१६ चा निबंध रचनेतल्या मूल्यांवर आहे, २०१७ चा शिकण्याच्या प्रक्रियेवर. दुसऱ्या निबंधाचा आधार म्हणजे जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांची मांडणी: माणूस आधी कडेकडेने काम करतो आणि हळूहळू आत सरकतो. एखादी वाचक आधी बिघाड कळवते, मग नव्या सोयीची चाचणी घेते, मग मदतपानातले वाक्य दुरुस्त करते आणि एक दिवस कोडची एक ओळ बदलते. प्रत्येक पायरीवर तिच्याशी बोलायला कुणीतरी असते. हा जिना मुद्दाम बांधावा लागतो, हे वाचकाने लक्षात घ्यावे असे मला वाटते.

एओथ्रीवर कोड आणि संभाषण एकमेकांत सर्वांत सुंदर मिसळले आहेत ते टॅगांच्या व्यवस्थेत. लेखिका हवा तो टॅग हव्या त्या शब्दांत लिहू शकते. कुणी शेरलॉक होम्स आणि जॉन वॉटसन अशी पूर्ण नावे लिहील, कुणी आडनावे, कुणी दोघांच्या नावांचा जोडशब्द. पडद्यामागे शेकडो स्वयंसेवक हे टॅग वाचतात आणि एकाच अर्थाच्या टॅगांना एका प्रमाण टॅगशी जोडतात. लेखिकेचे शब्द तसेच राहतात, शोधणाऱ्याला मात्र सगळ्या कथा एकत्र सापडतात. यंत्राला हे जमत नाही, कारण दोन पात्रांची टोपणनावे एकच असतात किंवा एकाच शब्दाचे चाहत्यांच्या दोन गटांत दोन अर्थ होतात; ते ठरवायला त्या गटात वावरलेले माणूस लागते. ग्रंथालयशास्त्रातली काटेकोर विषयसूची आणि इंटरनेटवरचे सैराट टॅग यांच्यामधली ही वाट आहे. कित्येक लेखिका टॅगांत वाचकांशी चक्क गप्पा मारतात: ही पहिलीच कथा आहे, कुणी तपासून दिलेली नाही, सांभाळून घ्या. ग्रंथालयाच्या सूचीपत्रावर असा मजकूर कुणी खपवून घेतला नसता. इथे कोडने त्याला जागा ठेवली.

फेब्रुवारी २०१४ मध्ये या संग्रहातल्या कृती दहा लाखांवर गेल्या. २०१९ मध्ये त्या पन्नास लाख झाल्या, आणि त्याच वर्षी डब्लिनच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात संग्रहाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. आता आकडा कोटीच्या पुढे आहे. हे सगळे देणग्यांवर, जाहिरातीविना.

खेळांच्या चाहत्यांची गोष्ट याला समांतर चालते, आणि ती अधिक सांगितली गेली आहे. १९९३ चा 'डूम' हा खेळ त्याचे नकाशे बाहेरच्यांना बदलता यावेत असाच रचला होता. 'हाफ-लाइफ' या खेळावर मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये हौसेने केलेला 'काउंटर-स्ट्राइक' हा मॉड, म्हणजे मूळ खेळात केलेला फेरबदल, व्हॉल्व्ह कंपनीने विकत घेतला आणि तो जगभर गाजला. मॉड करणाऱ्या मुलाला नोकरी मिळते, ही वाट तिथे रुळली. कथाप्रेमी मुलींच्या पीएचपी स्क्रिप्टांना कुणी नोकरीचा दाखला मानले नाही. दोन्हीकडचे कौशल्य एकाच प्रतीचे होते. फरक एवढाच की एकीकडचा विषय बाजाराला ओळखीचा होता. मात्र देवघेवीची वृत्ती दोन्हीकडे सारखीच. २०१५ च्या एप्रिलमध्ये 'स्कायरिम'च्या मॉडना किंमत लावायचा प्रयत्न झाला, तेव्हा असा गदारोळ उठला की काही दिवसांत तो मागे घ्यावा लागला.

विकीचे क्षेत्रही याच चालीने गेले. २००३ पासूनचे 'मेमरी अल्फा' हे 'स्टार ट्रेक'चे विकी आणि २००५ पासूनचे 'स्टार वॉर्स'चे 'वूकीपीडिया' चाहत्यांनी लेखाबरोबरच साचे आणि छोटे प्रोग्रॅम लिहून वाढवले. पुढे अशी असंख्य विकी ज्या एका कंपनीच्या छत्राखाली गेली तिथे जाहिराती वाढत गेल्या, पाने जड झाली. २०२२ मध्ये 'झेल्डा'चे विकी आणि २०२३ मध्ये 'माइनक्राफ्ट'चे विकी तिथून बाहेर पडले. मजकूर मुक्त परवान्याचा असल्याने तो नेता येतो. जुनी प्रत मात्र मालकाकडेच राहते आणि शोधयंत्रात बराच काळ तीच वर दिसते. स्थलांतराचा खरा खर्च तो.

आपल्या मालकीचे घर झाले म्हणून घरातले प्रश्न संपले असे नाही, आणि एओथ्रीच्या प्रेमापोटी ते झाकू नयेत. संग्रहावर वंशद्वेषी लेखन आणि छळ यांबद्दल काय करणार, हा सवाल जून २०२० मध्ये तीव्र झाला. संस्थेने आश्वासने दिली. ती पुरेशा वेगाने पाळली गेली नाहीत म्हणून मे २०२३ मध्ये चाहत्यांनीच मोहीम उघडली. नको असलेल्या व्यक्तीला रोखण्याची सोय यायला २०२२ साल उजाडले. इतक्या मूलभूत गोष्टीला बारा-तेरा वर्षे लागावीत, हे मला अजूनही खटकते. त्याची कारणे कोडमध्ये आहेत तशी माणसांतही आहेत. नोकरी आणि घर सांभाळून रात्री काम करणारे स्वयंसेवक थकतात, सोडून जातात, आणि त्यांच्याबरोबर कोडच्या एखाद्या कोपऱ्याचे ज्ञानही जाते. जुलै २०२३ मध्ये स्थळावर हल्ला होऊन ते दिवसभराहून अधिक काळ बंद पडले, तेव्हा ते पुन्हा उभे करणारेही बिनपगारीच होते. चाहते एकमेकांवर उलटतात तेव्हा तर कोणताच कोड पुरत नाही: २०२० च्या फेब्रुवारीअखेर चीनमध्ये शियाव झान या अभिनेत्याच्या काही चाहत्यांनी त्याच्यावरच्या एका कथेची तक्रार सरकारकडे केली, आणि तिथल्या सगळ्याच वाचकांना हे स्थळ बंद झाले.

गेल्या दहा वर्षांत बोलण्याची जागा पुन्हा बदलली. डिसेंबर २०१८ मध्ये टंबलरने प्रौढ मजकुरावर बंदी घातली आणि गट पांगले. टंबलरच्या त्रुटी भरून काढायला चाहत्यांनी एक्सकिट हे ब्राउझरचे जोडसॉफ्टवेअर लिहिले होते. मूळ कर्त्याने ते सोडल्यावर इतरांनी त्याची नवी आवृत्ती केली, मग पुन्हा सगळे नव्याने लिहिले. गप्पा आता मोठ्या प्रमाणात डिस्कॉर्डच्या बंद खोल्यांत चालतात. तिथे सोळा-सतरा वर्षांची मुले पायथनमध्ये बॉट लिहितात: वीस मिनिटे सगळ्यांनी मिळून कथा लिहायची, वेळ बॉट मोजणार, शब्दांची बेरीज बॉट करणार. शिकण्याची ती जुनी ऊब इथे पुन्हा भेटते. पण बंद खोलीत मिळालेले उत्तर बाहेरच्या कुणाला सापडत नाही. १९९९ मध्ये अडलेल्या मुलीला दुसऱ्या मुलीच्या पानाचा कोड उघडून पाहता येई. आजच्या मुलीला आधी आमंत्रण हवे. मला हा या घडीचा सर्वांत मोठा तोटा वाटतो, आणि त्यावर पुरेसे बोलले जात नाही.

त्याहून गाजला तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न. २०२५ मध्ये कुणीतरी एओथ्रीवरच्या सुमारे १ कोटी २६ लाख कृती खरवडून काढून यंत्रांच्या शिक्षणासाठी हगिंग फेस या संकेतस्थळावर मांडल्या. संस्थेने कायदेशीर आक्षेप घेतला आणि तो संच हटवावा लागला. अनेक लेखिकांनी आपल्या कथा फक्त नोंदणीकृत वाचकांपुरत्या ठेवायला सुरुवात केली. मोकळेपणावर वाढलेल्या संग्रहाला असे कुलूप लागणे क्लेशकारक आहे, पण त्यांना दोष देववत नाही. एकमेकांना दिलेली भेट तिऱ्हाइताने न विचारता उचलली, ही त्यांची भावना.

मराठीचा या विषयाशी संबंध थोडा आहे, पण खरा आहे. मायबोली १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मराठी माणसांच्या हौसेतून उभी राहिली. युनिकोड रुळण्याच्या आधीपासून पडद्यावर देवनागरी दिसावी, कळफलकावरून ती सहज उमटावी, यासाठी नोकरीनंतरच्या वेळात खटपट करणारी माणसे होती. गमभनसारखी टंकनसोय त्यातूनच आली. गप्पा मारायच्या म्हणून अवजार घडवायचे, हाच तो क्रम. त्या मंडळींच्या कामाचा नीट इतिहास कुणीतरी ती हयात आणि बोलती असताना लिहायला हवा. एओथ्रीच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, संस्थेच्या निवेदनांचे मराठी अनुवादही स्वयंसेवकांनी केलेले आहेत. मराठीत कथा लिहून देवनागरीत टॅग लावले, तर ते वाचून प्रमाण टॅगशी जोडायला मराठी येणारी व्यक्ती लागेल. त्यासाठी कोडमध्ये काही बदलावे लागत नाही, आणि स्वयंसेवकांसाठी संस्था वेळोवेळी आवाहन करतच असते.